विमेवाल्यांची तक्रार

पँट फाटली दुसऱ्या अंकात, आणि तीही अशा जागी, की नाटक संपल्यावर विमेवाल्यांना टाळ्या वाजवायलासुद्धा उभं राहता येईना. अख्खं सभागृह उभं होतं. विमेवाले तेवढे बसून होते. शेजारच्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू कलेचा एवढा मोठा शत्रू त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. विमेवाल्यांना सांगावंसं वाटत होतं, बाई, मला नाटक आवडलंय हो, पण या खुर्चीला मी आवडलोय. ती सोडत नाही.

खुर्चीच्या फळीतून एक खिळा वर आला होता. पँट नवी होती, पहिल्यांदाच अंगावर चढवलेली. शेवटी सगळं सभागृह रिकामं झाल्यावर नाटकाचं माहितीपत्रक मागे धरून, खेकड्यासारखे तिरके चालत विमेवाले बाहेर पडले. दारावरच्या माणसानं अदबीनं विचारलं, "कसं वाटलं नाटक?" विमेवाले म्हणाले, "बोचलं." तो बिचारा खूश झाला.

विमेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण नाट्यगृहाच्या त्या गल्लीत चहावाला, इस्त्रीवाला, स्टँडवाला, तसे हे विमेवाले. अर्ध्या गल्लीला त्यांनी गळ घालघालून विमा विकलेला, त्यामुळे ते कोपऱ्यावर दिसले की माणसं घाईघाईनं आपापल्या दुकानात काहीतरी शोधायला लागायची. स्वभावानं वाईट नव्हते, फक्त मतं फार होती. त्यातलं लाडकं मत म्हणजे, "नाटकाबिटकानं कुणाचं पोट भरत नाही." हे मत ते नाट्यगृहाच्या कॅन्टीनमध्ये, मेहुण्याच्या गल्ल्याजवळ बसून, फुकटचा चहा पिता पिता मांडत. फुकटच्या पासावर नाटक बघून आलेले असत, आणि त्याच वेळी घरी त्यांची बायको नाटक कंपनीच्या राणीच्या शालूला फॉल लावत बसलेली असे. यात काही विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. बायकोच्या शिवणाला ते "तिचा विरंगुळा" म्हणत. त्या विरंगुळ्यावर लेकीच्या वसतिगृहाचा खर्च चालतो, हे त्यांना माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि लक्षात असणं वेगळं.

पँट बघून बायको म्हणाली, "दोन टाके घातले की झालं. कळणारसुद्धा नाही."

"प्रश्न पँटचा नाही, तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाला मागून कुणी बघत नाही हो. पँटीला बघतात."

पण विमेवाले पेटले होते. त्यांनी नगरपालिकेच्या तक्रार केंद्राला फोन लावला. आधी यंत्र बोललं. पाण्यासाठी एक दाबा, रस्त्यासाठी दोन, कचऱ्यासाठी तीन, धोकादायक इमारतीसाठी चार. खिळ्यासाठी काहीच दाबायची सोय नव्हती. विमेवाल्यांनी सगळी यादी पुन्हा ऐकली आणि त्यातल्या त्यात जवळचं म्हणून चार दाबलं. मग एक मुलगी आली. तिनं झोपाळू आवाजात विचारलं, "जीविताला धोका आहे का?"

"धोका? अहो, खिळा जरासा इकडेतिकडे झाला असता तर काय झालं असतं कल्पना आहे तुम्हाला?"

"म्हणजे आहे."

"आहेच!"

"आहे असं लिहिते," मुलगी म्हणाली. तिच्यापुरता विषय संपला. त्यांच्यापुरता तिथून सुरू झाला.

आता नगरपालिकेकडे तक्रार करून काही होतं असा गल्लीतल्या कुणाचाच अनुभव नव्हता. गटाराची तक्रार विमेवाल्यांची लेक बालवाडीत असताना केलेली. ती पदवीला गेली, गटार आहे त्याच इयत्तेत आहे. पण दैवगती बघा. धोकादायक इमारतींच्या खात्याला नुकताच नवा साहेब आला होता, आणि त्याला काहीतरी करून दाखवायचं होतं. आठवडा उलटायच्या आत तीन माणसं हातोडे घेऊन आली. त्यांनी नाट्यगृहाच्या भिंतीवर हातोडा मारला. पोपडा पडला. छतावर मारला. तिथूनही पडला. हातोडा मारल्यावर कुठल्या भिंतीचा पोपडा पडत नाही? विमेवाल्यांच्या घराची भिंत तर नुसतं रागानं बघितलं तरी पोपडा टाकते. पण त्या माणसांनी माना हलवल्या, दाराला कुलूप घातलं, कुलपाला लाख लावली आणि पाटी ठोकली : "जागरूक नागरिकाच्या तक्रारीवरून ही इमारत पुढील आदेशापर्यंत बंद." खुर्चीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

खरं सांगायचं तर पाटी वाचून पहिल्यांदा विमेवाल्यांच्या छातीत किंचित हवा भरली. जागरूक नागरिक! आयुष्यात त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. पण शेजारी मेहुणा उभा होता. तो दात ओठ खात म्हणाला, "भाऊजी, हा जागरूक मला एकदा सापडू दे. असा झोपवीन, की पुन्हा जागा व्हायचा नाही."

"झोपवलाच पाहिजे," विमेवाले म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

पंधराएक दिवस ते जागरूक नागरिकाला सगळ्यांबरोबर, किंबहुना सगळ्यांपेक्षा दोन शिव्या जास्त घालत होते. घरी मात्र बायकोनं मशीन थांबवून त्यांच्याकडे एकदाच पाहिलं होतं आणि मशीन परत सुरू केलं होतं. तिच्या हातातलं ते शेवटचं काम होतं. ते संपल्यावर मशीनवर चादर पडली. घर इतकं शांत झालं, की विमेवाल्यांना स्वतःच्या चपलांचा आवाज मोठा वाटायला लागला.

मग एके दिवशी नव्या साहेबाची माणसं फुलांचा गुच्छ आणि फोटोग्राफर घेऊन गल्लीत आली. चहावाल्याला विचारलं, "ते जागरूक नागरिक कुठं राहतात?" चहावाल्यानं विचारलं, "कोण?" त्यांनी नाव, पत्ता, सगळं वाचून दाखवलं. विमेवाले तेव्हा इस्त्रीवाल्याच्या टपरीत उभे होते. पळायला मागे दार नव्हतं. त्यांच्या हातात गुच्छ देण्यात आला. फोटो काढण्यात आला. त्या फोटोत पुढे विमेवाले आहेत आणि मागे ओळीनं चहावाला, स्टँडवाला, मेहुणा. असे चेहरे पोलिसांच्या संग्रहीसुद्धा नसतील.

मेहुण्यानं झोपवलं नाही, पायसुद्धा मोडले नाहीत. बहिणीकडे बघून सोडलं. नुसता म्हणाला, "भाऊजी, पँटपायी?" आणि गेला. त्यापेक्षा पाय मोडले असते तर परवडलं असतं, पायांचा विमा तरी होता.

आता गल्लीची काय दशा झाली ते ऐका. नाट्यगृह बंद म्हणजे नाटकं बंद, एवढंच विमेवाल्यांच्या हिशेबी होतं. पण नाटकं बंद म्हणजे स्कूटर स्टँड रिकामं. कंपनीचे कपडे नाहीत म्हणून इस्त्रीवाल्याचे निखारे गार. मध्यंतर नाही म्हणून कॅन्टीनची भट्टी बंद, चहावाल्याचं दूध निम्म्यावर. रात्री उतरायला नट नाहीत म्हणून कोपऱ्यावरचा लॉज ओस. तिकिटं छापणारा छापखानेवाला लग्नपत्रिकांच्या आशेवर. इतकंच काय, औषधवाला एकदा डोकं धरून म्हणाला, "अहो, माझा निम्मा धंदा त्या लोकांच्या घशावर होता! गोळ्यांच्या बरण्या तशाच पडल्यात. या गल्लीत आता कुणाचा घसाच बसत नाही."

आणि मग ती लाट विमेवाल्यांच्या उंबऱ्याला लागली. पूर्वी त्यांना बघून लोक लपायचे तरी. आता कुणी लपेना. सरळ समोर उभे राहून म्हणायचे, "हप्ता भरणार नाही. काय करायचं ते करा. तक्रार करा." एकेक करत विमे बंद पडायला लागले. नाटकानं आपलं पोट भरत होतं ही गोष्ट विमेवाल्यांना अशा रीतीनं, ताटातली एकेक वाटी कमी होत होत, कळली.

सल्ले मात्र भरपूर आले. सल्ल्याला भांडवल लागत नाही. चहावाला म्हणाला, तक्रार मागे घ्या. म्हणून विमेवाले नगरपालिकेत गेले. तिथला कारकून म्हणाला, "मागे घ्यायची सोय नाही. नवीन करता येईल."

"मग लिहा, इमारत धोकादायक नाही."

"ही तक्रार कशी होईल? धोका नसणं ही तक्रार नाही, काका. धोका काय आहे ते सांगा."

"धोका हा, की गल्ली उपाशी मरेल!"

"ते आरोग्य खात्याकडे."

आरोग्य खात्यानं विचारलं, कुणी मेलंय का? नाही म्हटल्यावर त्यांचा रस गेला. हेलपाटे घालता घालता अखेर विमेवाले थेट नव्या साहेबाच्या टेबलासमोर पोचले. साहेब तरुण होता, सभ्य होता, त्यानं पाणीसुद्धा विचारलं. म्हणाला, "बघा, दुरुस्तीला जेवढा खर्च आहे तेवढं नाट्यगृहाचं भाडं कित्येक वर्षांत येत नाही. फायदा काय?"

विमेवाल्यांनी फायदा सांगितला. स्टँड, इस्त्री, चहा, लॉज, घशाच्या गोळ्या, बायकोचं मशीन. आपण इतकं मनापासून कधी विमासुद्धा विकला नाही, असं त्यांना बोलता बोलता वाटलं.

साहेबानं सगळं शांतपणे ऐकलं. "पण हे आमच्या बजेटच्या हेडखाली येत नाही ना," तो म्हणाला. "नाट्यगृहाच्या हेडखाली भाडं येतं. लोकांची पोटं येत नाहीत."

या सगळ्यात एका माणसानं विमेवाल्यांना बोल लावला नाही, आणि तेच सगळ्यात वाईट झालं. ते म्हणजे समोरच्या खोलीत राहणारे मेकअपवाले आबा. वय झालेलं, अंग वाळलेलं, पण बोटं अशी, की म्हाताऱ्याला राजपुत्र करतील. नाट्यगृहाच्या रंगपटात त्यांचा जन्म गेला होता. नाट्यगृह बंद झाल्यावर ते रोज सकाळी आपली रंगांची पेटी पुसायचे, उघडायचे, बंद करायचे. एकदा जिन्यात विमेवाले भेटले तेव्हा आबाच ओशाळून म्हणाले, "विमेवाले, हप्ता जरा मागं पडलाय. पुढच्या महिन्यात दिला तर चालेल ना?"

चालणार नव्हतं. सवलतीची मुदत उलटून गेली होती, विमा बंद पडला होता. पुन्हा सुरू करायचा तर साचलेले हप्ते, वर दंड, वर डॉक्टरी तपासणी. हे सगळं सांगायला विमेवाल्यांनी तोंड उघडलं, आणि आबांच्या त्या ओशाळलेल्या चेहऱ्याकडे बघून त्यांच्या तोंडून निघालं, "चालेल, चालेल. आबा, तुम्ही काळजी करू नका." मनात म्हणाले, आपणच भरू. मग लेकीचं वसतिगृह आलं, मग किराणा आला. भरू, भरू म्हणता राहिलं.

आणि मग मेहुण्याच्या डोक्यात ती कल्पना आली. मोर्चा काढायचा, पण साधा नाही. नाट्यगृहाची प्रेतयात्रा काढायची. नगरपालिकेच्या दारात नेऊन ठेवायची, वर्तमानपत्रवाले बोलवायचे. आता प्रेत कोण होणार? कधी नव्हे ते गल्लीचं एका क्षणात एकमत झालं.

विमेवाले नाही म्हणू शकले नाहीत. बायकोनं चादरीखालून मशीन काढलं आणि पांढरं कापड शिवलं. शिवताना ती हसली, कित्येक दिवसांनी. "तुमचं माप घ्यायला नको," म्हणाली, "मेलेल्या माणसाला सैल चालतं."

रंगवायला अर्थात आबा. त्यांनी पेटी आणली, विमेवाल्यांना स्टुलावर बसवलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मग न बघताच पेटीतला नेमका रंग बोटावर घेतला.

"डोळे मिटा. भुवया सोडा. मेलेला माणूस भुवया उडवत नाही."

"आबा, मला तुम्हाला जरा—"

"बोलू नका. ओठ बिघडतील."

विमेवाल्यांनी ओठ मिटले. खरं तर त्यांना बरंच वाटलं. आबांनी गालफडं आत नेली, डोळ्यांखाली सावल्या घातल्या, ओठांवर निळसर छटा आणली. मग मागे सरकून बघितलं. "बरं वाटलं हो," ते म्हणाले, "हाताला रंग लागला." आरसा समोर धरल्यावर विमेवाल्यांनी स्वतःला बघितलं. नुसते मेलेले दिसत नव्हते, बरेच दिवस आजारी राहून मेलेले दिसत होते.

प्रेतयात्रेला अलोट गर्दी झाली. माणूस जिवंतपणी फुकट काही द्यायला तयार नसतो, पण फुकट बघायला मिळतंय म्हटल्यावर कुठूनही येतो. स्टँड गाड्यांनी भरलं. चहावाल्याचं दूध दोनदा संपलं. औषधवाल्याच्या घशाच्या गोळ्यासुद्धा घोषणा देणाऱ्यांनी नेल्या. म्हणजे नाट्यगृहानं गल्लीला जगवलं नाही तितकं त्या दिवशी त्याच्या मरणानं जगवलं. नाटकातल्या लाकडी खाटेवर विमेवाले आडवे, चारी खांदे गल्लीतल्या माणसांचे. मेहुण्याचा खांदा मुद्दाम वरखाली होत होता.

नगरपालिकेच्या पायऱ्यांसमोर खाट ठेवली. साहेब मीटिंगमध्ये होता. मीटिंग संपेना. ऊन चढलं. विमेवाल्यांच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला तशी आबांनी पुढे येऊन तो कापसानं हलकेच टिपला, रंग सारखा केला. "छान पडलात," पुटपुटले. मग म्हणाले, "जरा बसतो." डोळे मिटलेल्या विमेवाल्यांना ते खाटेच्या उशाशी पायरीवर टेकल्याचं कळलं. नंतर त्यांच्या खांद्याला काहीतरी लागलं, जड. ते आबांचं डोकं होतं.

विमेवाल्यांनी एक डोळा उघडला. "आबा?"

"डोळा मिटा!" फोटोग्राफर ओरडला.

"आबांना बघा! अरे, आबांना काय झालं बघा!" प्रेत उठून बसलं आणि हात हलवायला लागलं. गर्दीत हशा पिकला. कुणीतरी शिट्टी घातली. विमेवाले जीव तोडून ओरडत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. मेहुणा वाकून दातांतून म्हणाला, "भाऊजी, शोभा करू नका, आडवे व्हा." मग त्यानं आबांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा रंगाशिवायच पांढरा झाला.

रुग्णवाहिका आली. तिच्यातली माणसं स्ट्रेचर घेऊन गर्दीतून धावत आली आणि पांढऱ्या निळ्या चेहऱ्याच्या माणसाला उचलायला लागली. "मी नाही, ते! ते!" विमेवाले त्यांच्याशी झटापट करत होते. "काका, शांत पडा, बोलून दम घालवू नका," असं म्हणत त्यांनी विमेवाल्यांना पट्ट्यानं बांधलंसुद्धा. ते सोडवण्यात आणखी वेळ गेला. डॉक्टर नंतर म्हणाले, त्यानं काही फरक पडला नसता, आबा पायरीवरच गेले होते. डॉक्टर असं म्हणतातच.

नाट्यगृहाचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, कारण शेवटी ते सांगायला जीव राहणार नाही. वर्तमानपत्रात विमेवाल्यांचा स्ट्रेचरवर बांधलेला फोटो आला. साहेबाची बढती झाली, तो गेला. पुढच्या साहेबानं नाट्यगृह पाडलं. तिथं आता पत्रे ठोकलेला मोकळा प्लॉट आहे. मेहुणा दुसऱ्या गावी कुणाच्या तरी खानावळीत लागला. इस्त्रीवाल्यानं टपरी मोडली. विमेवाल्यांची बायको एका नाटक कंपनीबरोबर कपड्यांच्या कामाला फिरते, महिन्यातून दोनतीन दिवस घरी येते, तेव्हा थकलेली असते आणि बरीच बोलते. विमेवाले ऐकतात. मतं मांडत नाहीत.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी विमेवाले आबांच्या दाराशी उभे होते. आबांचा मुलगा दूरच्या गावाहून यायचा होता, म्हणून आबांना दवाखान्यातच ठेवलं होतं. माणसं भेटून गेली होती. विमेवाल्यांनी साबणानं तोंड तीनदा धुतलं होतं, पण आबांचा रंग पक्का, सावल्या हलायला तयार नव्हत्या. वाटेत एक पोर त्यांना बघून रडलं होतं.

आत आबांच्या पत्नी, काकू, एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ विमेवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. आबांचं ते शेवटचं काम होतं.

"साबणानं नाही निघायचं ते," काकू म्हणाल्या. "बसा इथं."

विमेवाले स्टुलावर बसले. काकूंनी फडताळातून तेलाची बाटली आणि कापूस काढला. त्यांच्याही बोटांना सवय होती. कपाळापासून खाली, न घासता, टिपत टिपत.

"काकू," विमेवाले म्हणाले. "आबांचा विमा बंद पडलेला होता. मला माहीत होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी चालेल म्हणालो. चालणार नव्हतं. काहीच मिळणार नाही, काकू."

काकूंचा हात थांबला. बाहेर चहावाला दुकान आवरत होता, त्याच्या भांड्यांचा आवाज येत राहिला.

"ते मला म्हणाले होते," काकू सावकाश म्हणाल्या, "विमेवाले सांभाळून घेतील."

विमेवाल्यांचे खांदे हलायला लागले. काकूंनी कापूस बदलला, नव्या बोळ्यावर तेल घेतलं आणि डाव्या हातानं त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"हलू नका," काकू म्हणाल्या. "डोळ्यांत जाईल."